उजवीकडून पाच चौकटी

अक्षरं तुम्ही पुसायला लावलीत, साहेब. आणीबाणी होती. तुमचा नुसता निरोप गेला आणि साप्ताहिकाच्या मालकाला घाम फुटला. मागच्या पानावर आकाराम पेंटरची चित्रं मुकीच छापली गेली. एका ओळीत पाच चौकटी, माणसांच्या तोंडापुढचे फुगे पांढरे फटक. तुम्हाला वाटलं, आता कोण काय वाचणार?

पहिल्या चौकटीत हुपरीचा गैबी घरात बसून पैंजणाला घुंगरं लावतोय. दुसरीत तो दारात, दोन्ही बाजूंना पोलीस. तिसरीत तिघं एस्टीत. चौथीत तुमच्या चौकीची पायरी. गैबी खाली वाकलाय, हात चपलेच्या पट्ट्याला. पाचवीत तीच पायरी आणि नुसत्या चपला. शेवटच्या दोन चौकटी आकारामनं डोळ्यांनी पाहिलेल्या. त्याचं दुकान चौकीच्या समोरच.

तुमच्या वहीत मात्र एकच ओळ. चोरीच्या चांदीबाबत विचारपूस करून सायंकाळी सोडून दिले.

गैबीला नेल्याच्या एकविसाव्या दिवशी त्याची आई लालबी तो अंक घेऊन तुमच्या टेबलापुढं उभी राहिली. मागं आकाराम, हाताला रंग तसाच. गुंडू हवालदारानं आधी अंक ओढला.

"काय रं आकाराम, माझं पोट येवढं हाय व्हय?"

"कागद पुरला न्हाय, हवालदार."

तुम्ही हसलात. मग लालबीकडं वळलात. "बाई, पोरगं सोडलंय म्हणून किती वेळा सांगायचं?"

"व्हय की. ह्यात बी सोडलंय," लालबी म्हणाली.

आकाराम चमकला. लालबीनं बोट टेकवलं ते कागदाच्या उजव्या कडेला. लहानपणी कुराणाचं तेवढं वाचायला शिकली होती ती. तिचं वाचणं उजवीकडनं सुरू व्हायचं.

"ही पायरी. ह्या त्येच्या चपला. मग ह्यो आतनं आला, वाकून चपला घालाय लागलाय. मग एस्टीत बसला. पोलीस दारापतोर सोडाय आलं. आनि हितं बसलाय बघा, घुंगरं लावत." बोट डाव्या टोकाला थांबलं. "रोज बघतो मी. रोज घरी येतोय. हितं बोट आलं की घुंगरू वाजतंय. उठून दार उघडतो. कोन नसतंय."

"लालबीमावशी," आकाराम म्हणाला, "तसं न्हाय ते. हिकडनं..."

तिचा हात धरून डाव्या कडेला न्यायचा आणि तिच्याच बोटानं तिच्या पोराला घरातनं उठवून त्या पायरीपर्यंत आणायचं, एवढंच काम होतं. त्यानं हात खिशात घातला.

तुम्हाला मात्र उकल झाली. "बघ आकाराम, तुझंच चित्र काय बोलतंय! हवालदार, जबाब लिहा. मुलगा चपला घालून चौकीतून निघाला, आईची तक्रार नाही. घ्या अंगठा."

गुंडू हवालदारानं लिहिलं. शाईचा डबा उघडून पुढं सरकवला. लालबीनं अंगठा पदराला पुसला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, बगलेतली पिशवी टेबलावर ठेवली आणि आतनं फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं.

"ह्या चपला घालायच्या चौकटीत अडकतो मी, साहेब," ती म्हणाली. "बाकीचं समदं जुळतंय."

फडक्यात चपला होत्या. डावीचा तुटलेला पट्टा चांदीच्या तारेनं शिवलेला. हुपरीच्या चांदी कारागिराशिवाय कोल्हापुरात चपलेला चांदी कोण लावतं? गुंडू हवालदारानं तार बघितली आणि शाईचा डबा मिटला. त्याला कुणी मिट म्हटलं नव्हतं.

"सोडला म्हनून सांगावा आला, त्येच्या दुसऱ्या दिशी मी आलतो. तुमच्या पायरीवर हुत्या. झाडणारीनं कोपऱ्यात सारलेल्या."

"दुसऱ्या कुणाच्या असतील," तुम्ही म्हणालात.

लालबीनं चपला उचलल्या आणि चित्रातल्या पायरीवर नीट ठेवल्या, जोडीनं, टाचा दाराकडं. घरी पोराच्या ठेवायची तशा. पाचही चौकटी झाकून गेल्या.

"डबा उघडा, हवालदार. मी अंगठा देतो," ती म्हणाली. "साहेब, तुमी तेवढं लिवा. माझा गैबी अनवाणी कुठं गेला?"