खुराड्याची कडी

टप्प. पातेल्यात थेंब पडला आणि दुपारची शांतता मोडली. पोरीचा फ्रॉक शिवता शिवता मी मान वर केली. पत्र्याच्या जागी खताची रिकामी गोणी ताणलेली दिसली.

"अवं, हितला पत्रा कुठं गेला?"

"खुराड्यावर टाकलाय. कोंबड्या भिजत व्हत्या."

मागच्या आठवड्यात बिबट्यानं शेजारच्या मळ्यातलं कुत्रं उचललं आणि तेव्हापासून हे खुराड्याच्याच मागे लागले होते. आमच्या घराला तर ऊस अगदी खेटून. आळेफाट्याच्या भंगारातून त्यांनी ट्रकची जाळी आणली. ती पुरली नाही, म्हणून आमच्या खिडकीचे गज गेले. आता पाहते तर दाराची कडीही जागेवर नव्हती.

"कडी पण?"

"बिबट्या लई हुशार असतो. खुराड्याला नुसती दोरी बांधून भागतंय व्हय?"

"मग आपल्या दाराला?"

"दोरी बांधलीय की."

हसावं की रडावं कळेना. पदर डोक्यावर घेऊन मी बाहेर गेले. अकरा कोंबड्या गजांआड, पत्र्याखाली कोरड्याठाक बसल्या होत्या. चार वर्षांची समृद्धी जाळीला नाक लावून केव्हाची त्यांना न्याहाळत होती. मग तिनं वळून आमच्या दाराकडे पाहिलं, पुन्हा खुराड्याकडे पाहिलं आणि हळूच माझा हात धरला.

"आई, बिबट्या आला तर कोंबड्या आपल्याला आत घेतील का गं?"