तब्येत

भरे गावातल्या आमच्या ओसरीवर सकाळचे ऊन नेहमीच्याच संथपणे आले. उंबऱ्यापाशी क्षणभर रेंगाळले, मग फरशीवरून सरकत वजनकाट्यावर उभ्या असलेल्या आईच्या पावलांवर येऊन थांबले. त्या कोवळ्या उजेडात ती पावले मला फार लहान वाटली. मी वजन वाचले आणि तिच्या उंचीसह मोबाइलमध्ये भरले. मागच्या दिवाळीला लाल पट्टीत असलेला तिचा बीएमआय आज हिरव्या पट्टीत आला होता.

"आई, जिंकलीस! एकदम नॉर्मल."

"म्हंजी बरी हाय ना मी?"

"ठणठणीत!"

"कसली ठणठणीत रं?" शेजारच्या घरातून आलेली रंभाकाकी म्हणाली. "तब्येत पार उतरलीया हिची."

"काकी, वजन उतरलंय. तब्येत नाही." गावात अंगावरच्या मांसालाही तब्येतच म्हणतात, याचे मला हसू आले.

काकी मात्र हसली नाही. "खाणं सोडलंस व्हय गं?" तिने आईला विचारले.

"सोडलं कुटं? दोन्ही येळंला पोटभर भाकरी खातीया. पर अंगालाच लागत न्हाई."

मी पुन्हा मोबाइलकडे पाहिले. पट्टी हिरवीच होती. तिने उंची विचारली होती, वजन विचारले होते. ते वजन कशाने गेले, हे तिने विचारले नव्हते, आणि कित्येक महिने आईचे कौतुक करणाऱ्या मीही नाही.

आई आजारी होती.