घासाची उंची

पंगतीत नवरीने नवऱ्याला घास भरवायची वेळ आली, तसा मांडवात गलका उठला.

"वहिनी, नाव घेतल्याशिवाय जिलबी नाही हं!" धाकटी नणंद ओरडली.

ऊर्मीने नाव घेतलं, जिलबीचा तुकडा उचलला आणि सवयीने हात वर नेला. शेजारी बसलेल्या श्रीपादच्या कपाळाच्याही वर.

"अगं, मी इथे खाली आहे," श्रीपाद म्हणाला. हशा पिकला.

ऊर्मीचा हात तसाच राहिला. ती उंची तिच्या जुळ्या भावाच्या, भार्गवच्या तोंडाची होती. मुंग्यांच्या वारुळात अळीला काय भरवलं त्यावरून मजूर की शिपाई ते ठरतं. आता माणसांतही तसंच ठरत होतं. पाळण्यात तिला साधं दूध मिळालं, त्याला शिपायाचं. तो ताडमाड वाढला. मनगटांपुढे जाड शिंगांसारखी हत्यारं आली, बोटं उरलीच नाहीत. आई गेल्यापासून छावणीतल्या त्यांच्या खोलीत त्याचा प्रत्येक घास ऊर्मीच्या हातचा. ती सासरी निघाली, म्हणून उद्यापासून तिथे त्याला नळीने पेज देणार होते.

"माझ्याबरोबर चल ना रे, भार्ग्या," सकाळी ती म्हणाली होती.

"पाठराखीण म्हणून? तुझ्या सासरचं दार मोडेल, बाई! आणि शिपायाला छावणीबाहेर कोण राहू देतंय?"

आता पंगतीच्या टोकाला तो रिकाम्या पानापुढे बसला होता. तिचा हात वर गेलेला दिसला आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं. मग लोकांचं हसू त्याच्या कानावर आलं. त्याने तोंड हळूच मिटलं.