गणपती अंकातलं शब्दकोडं

मांजर्लीतल्या संजीवनीच्या सोसायटीच्या गणपती अंकातलं शब्दकोडं दरवर्षी वरच्या मजल्यावरचे धर्मराजकाका तयार करायचे. यंदा लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. "यंदा अंकच काढत नाहीये आम्ही, काका," असं संजीवनीने त्यांना सांगितलं, आणि घरी येऊन लॅपटॉपवर कोडी बनवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं.

शब्द भरताच चौकोन आपोआप जुळले. काका यासाठी आठवडाभर डोकं घालून बसायचे. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने प्रिंट काढली. कागद बाहेर आला तो उत्तरं घेऊनच. उत्तरांचं पान चुकून निघालं असेल, असं तिला वाटलं. पण अक्षरं पेन्सिलने लिहिलेली होती. बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं. वळण काकांचं होतं, हात धड असतानाचं.

"आई, कोणी लिहिलं गं हे?" रुचिकाने विचारलं.

संजीवनी कागद घेऊन तशीच वर गेली.

काका खिडकीशी बसले होते. लुळा हात मांडीवर पडला होता. जवळ ना कागद, ना पेन्सिल.

"काका, मी तुमच्याशी खोटं बोलले," ती कशीबशी म्हणाली.

"असू दे गं. कोडं छान जमलंय तुझं," काका हसले. "फक्त आडवा सात काही सुटेना मला. सांगतेस?"

तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं. आडव्या सातचे चौकोन तेवढे कोरे होते.