मोठा पाळणा

पार्कच्या ऑफिसात हॅलोविन पार्टीची शेवटची मीटिंग चालली होती. भुतं कुठून उगवणार, धूर कधी सोडायचा, सगळं ठरलं. घोडं अडलं ते मोठ्या पाळण्यापाशी. "त्याचे ब्रेक धड लागत नाहीयेत. आज तो बंदच ठेवायला हवा," इंजिनीअर बाई पुन्हा म्हणाल्या.

मॅनेजरने टेबलावर हात आपटला. "सकाळपासून एकच तुणतुणं! लोक त्या पाळण्यासाठीच येतात. तुम्हाला भीती वाटत असेल तर घरी बसा. पाळणा चालणार म्हणजे चालणार!"

बाईंचं डोकं सणकलं. त्या उत्तर देणार, तेवढ्यात मॅनेजरचा फोन वाजला. त्याची बायको विचारत होती, मुलं भुतांचे कपडे घालून केव्हाची तयार बसलीयेत, निघू का?

"या की," त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "हवं तेवढं हिंडा. फक्त त्या मोठ्या पाळण्यात मुलांना बसवू नकोस हं."

बाईंनी टेबलावरचा अनाउन्समेंटचा माइक सुरू केला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.



"आता हेच गेटवर उभ्या असलेल्या प्रत्येक आईला सांगा!"