गल्लीत कुणी राहत नाही

“सर, नळांना पाणी सोडणारा सर्व्हर चुकला तर तो दुरुस्त करता येणारं एक तरी माणूस गावात आहे का?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून उत्कर्षानं शाळेच्या भर कार्यक्रमात हे विचारलं. पाणीपुरवठ्याचे साहेब हसले. “बाळ, तो स्वतःच स्वतःला सांभाळतो. तीस वर्षांत माणसाचा हात लागलेला नाही.”

“मग आमच्या गल्लीत कुणी राहत नाही, असं त्याला का वाटतं? सहा दिवस नळ कोरडा आहे!”

“त्याला वाटतंय म्हणजे कारण असेल.”

उत्कर्षाचं डोकंच फिरलं. घरी येऊन तिनं सर्व्हर सांभाळायला शिकवणारे ऑनलाइन गट शोधले. शेकडो सापडले, पण सगळीकडे यंत्रंच यंत्रांना शंका विचारत होती. तिचा प्रश्न मात्र लगेच पुसला जाई : हा गट माणसांसाठी नाही. वीस ठिकाणी तेच! एकविसाव्या गटात, प्रश्न पुसला जायच्या आत, लातूरच्या सत्तरीतल्या कौसर मावशींचं उत्तर आलं. “आम्ही सात माणसं आहोत. दर रविवारी माझ्या घरी जुन्या सर्व्हरवर शिकतो. तो मोडलास तरी चालेल. ये.”

आई-बाबा पलीकडच्या गल्लीतून पाणी घेऊन आले, तेव्हा ती दारातच उभी होती.

“रविवारचा मेडिकलचा क्लास मी सोडलाय.”

“काय? आणि डॉक्टर कोण होणार?” बाबा कडाडले.

“कुणीही होवो. मी लातूरला सर्व्हर शिकायला जाणार. आपण इथे राहतो हे त्याला मीच सांगणार. आता ओरडायचं असेल तर आधी हंडे खाली ठेवा.”