तुमिराहच्या वाटणीचं

“तुम्ही स्वतः का खाल्लं नाहीत, म्बाह?” विडुरीने विचारलं.

म्बाह तुमिराह शेंगा सोलत होती. सत्तरी उलटलेली, पाठीत वाकलेली; अशा म्हातारीला गावात म्बाह, म्हणजे आजी, म्हणत. तिचा हात थांबला नाही. “हा प्रश्नही सरकारी आहे का?”

“नाही. हा मी माझ्या मनाने घातलाय.”

विडुरी शहरातल्या विद्यापीठात अन्नसुरक्षा आणि अन्नकायदे या विषयात एम. एस्सी. करत होती. खोबऱ्याच्या चोथ्याचं टेंपे, म्हणजे बुरशी लावून आंबवलेली वडी, कधीकधी विषारी होतं. त्याला वास येत नाही, चव बदलत नाही, तळलं तरी विष जात नाही. त्यावर बंदी येऊन किती वर्षं झाली. तरी माणसं ते का करत राहिली, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. मार्गदर्शक बाईंनी प्रश्नावली वाचून या एका प्रश्नाखाली रेघ मारली होती. “हा प्रश्न अभ्यासाचा नाही, तुझ्या घरचा आहे,” त्या म्हणाल्या होत्या. विडुरीने तो तरीही ठेवला.

तो घरचाच होता. एकेचाळीस वर्षांपूर्वी याच गावात तुमिराहच्या हातचं टेंपे खाऊन अकरा माणसं गेली. त्यांत तिचा नवरा होता, दोन मुली होत्या आणि विडुरीची आजीही होती. तुमिराह तेवढी वाचली, कारण तिने घासही घेतला नव्हता. हिला कळलं होतं, गाव म्हणालं. माल फुकट जाऊ नये म्हणून गप्प बसली. तेव्हापासून तिच्या हातचं कुणी घेत नव्हतं. कुणाच्या घरचं जेवणाचं बोलावणं तिला येत नव्हतं. आजही कोपऱ्यावरची दुकानदारीण विडुरीला म्हणाली होती, “एवढी शिकलीस, तर तिच्याकडचा चहा पिऊ नये एवढं तरी कळतं ना?”

विडुरीने चहा घेतला होता. पेला अजून भरलेलाच होता.

“पुरलं नाही,” तुमिराह म्हणाली.

“म्हणजे?”

“खोबरं कमी पडलं त्या खेपेला. चोथा थोडा, टेंपे थोडं. थोडं विकलं. घरी नवऱ्याला वाढलं, पोरींना वाढलं. एक तुकडा राहिला माझ्या वाटणीचा.” तिने टरफलं हाताने पुढे लोटली. “तेवढ्यात तुझी आजी दारात आली. तिला दिला.”

विडुरीचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. घरी तिने लहानपणापासून वेगळं ऐकलं होतं.

“बाबा म्हणतात, तुम्ही आमच्या दारी विकायला आला होतात. आजी नको म्हणत होती, तरी गळ्यात मारलंत.”

तुमिराहने पहिल्यांदाच मान वर केली.

“तुझा बाप, सुपोनो, असं म्हणतो? अजून?”

“हो.”

“मग तसंच लिही.”

“पण खरं काय आहे?”

“मी म्हातारी झाले. त्याला जास्त आठवत असेल.” ती पुन्हा शेंगांकडे वळली. “सही कुठे करायची ते दाखव. अंगठा नको, मला सही येते.”

“तुमचं नाव कुठेही छापणार नाही, म्बाह.”

“छाप की. माहीत नाही असं कोण राहिलंय?”

निघताना विडुरीने थंड झालेला चहा उभ्यानेच पिऊन टाकला. म्हाताऱ्या बाईने ते पाहिलं आणि रिकामा पेला उचलला.

घरी बाबा ओसरीवर पाळलेल्या कवड्या पक्ष्याचा पिंजरा धूत होते. ते गावातल्या शाळेत मास्तर होते. सगळ्या गावाला शिकवलं त्यांनी, फक्त तुमिराहच्या घरावरून जायची वेळ आली की पलीकडच्या बांधाने जायचे.

“विचारलंस तिला?” मान वर न करता ते म्हणाले.

“विचारलं. ती म्हणते, तिच्या वाटणीचा तुकडा तिने आजीला दिला. आजी तिच्या दारात गेली होती म्हणे.”

बाबांचा हात पिंजऱ्याच्या काड्यांवरच राहिला. विडुरीला वाटलं, आता चिडतील.

“आई कशाला गेली होती, ते सांगितलं तिने?”

“नाही. तुम्ही काय म्हणता ते मी सांगितलं, तर म्हणाली, तसंच लिही.”

बाबा पायरीवर बसले. हातातून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“मी रडत होतो,” ते म्हणाले. “घरात काही नव्हतं. सात वर्षांचा होतो. आई मला बोटाला धरून तिच्या दारी घेऊन गेली. म्हणाली, पोराला काहीतरी दे गं. तुमिराह ताटावर बसतच होती. तिने पानातलं उचललं आणि माझ्या हातात दिलं.”

“मग तुम्ही…”

“घरी येईपर्यंत मला झोप लागली. आईने हलवलं, उठवलं. मी उठलो नाही. टाकायचं कसं म्हणून तिने खाल्लं असेल. मी सकाळी उठलो.”

विडुरी त्यांच्याजवळ जाऊन बसली. आत कवडा दोनदा घुमला आणि गप्प झाला.

“तीन दिवसांनी आरोग्य खात्याची माणसं आली. अंगणात सगळं गाव जमलेलं. मला विचारलं, तुझ्या आईला ते टेंपे कुठून मिळालं? आई माझ्यासाठी मागायला गेली होती, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, ती विकायला आली होती. तुमिराह समोरच उभी होती. नवरा आणि दोन्ही पोरी पुरून आलेली. त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, पोरगा म्हणतो ते खरं का?”

बाबांनी ओले हात तोंडावरून फिरवले.

“तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हो म्हणाली.”